खताचा वास

खत झालं की नाही हे ओळखायला बसप्पाला कसलं यंत्र लागायचं नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतलं मूठभर बाहेर काढायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटायचे. मग एकतर मान नकारार्थी हलायची, नाहीतर तोंडातून शब्द निघायचा, "आय्तु." आय्तु म्हणजे कानडीत झालं. घरात कानडी आणि रानात मराठी, अशी त्या भागातल्या सगळ्यांसारखी त्याची जीभ दोन्हीकडं चालायची, पण खताला तो कायम कानडीतच पास करायचा. त्यानं आय्तु म्हटलं की बायका चाळण्या घ्यायच्या आणि कामाला लागायच्या.

वळसंग सोडून अक्कलकोटच्या अंगाला थोडं पुढं गेलं की रस्त्याकडेला त्याचं शेडनेट होतं. पाटी नव्हती. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर अशी रोपं तिथं तयार व्हायची आणि लोक त्यांना बसप्पाची रोपं म्हणायचे. खरं तर ती त्याच्या बायकोची, श्रीदेवीची रोपं होती. बसप्पाची उमेदीची वर्षं सोलापुरात एका चादरीच्या कारखान्यात गेली. रंगखात्यात असायचा. कारखाना बंद पडला तसा तो रंगानं निळे पडलेले हात घेऊन गावी आला आणि बरेच महिने नुसता बसून राहिला. तेव्हा बचतगटातल्या बायकांबरोबर श्रीदेवी कुठल्याशा शिबिराला गेली होती. तिथं तिनं काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये वाढवलेली रोपं पहिल्यांदा पाहिली. येताना एक रिकामा ट्रे मागून आणला आणि नवऱ्यापुढं ठेवून, अहो म्हणावं तशी कानडीत हाक मारून म्हणाली, "री, याच्या एकेका खणात एक झाड उभं राहतं. तुमी बसून राहता त्यापेक्षा ह्यात माती भरा."

पहिल्या खेपेची रोपं मेली, दुसऱ्या खेपेचीही मेली. दुकानातलं पांढरं खत पाण्यात घालून द्यायचे, तर कोवळी रोपं करपायची आणि श्रीदेवीच्या बोटांना भेगा पडायच्या. शेवटी ती वैतागून म्हणाली की जे माझ्या हाताला सोसत नाही ते ह्या दोन पानांच्या पोराला कसं सोसेल? तेव्हापासून त्यांनी ते खत बंद केलं. नारळाच्या काथ्याचा भुसा भिजवायचा, त्यात चाळलेलं शेणखत, लेंडीखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळायची, आणि रोपांना वर गांडूळखताचं पाणी द्यायचं. एवढ्यावर त्यांचं चालायला लागलं. खत कुजवायचं काम बसप्पाचं आणि बी टोकायचं श्रीदेवीचं. रंगखात्यात इतकी वर्षं घालवूनही नवऱ्याचं नाक शाबूत कसं राहिलं, याचं तिला नवल वाटायचं. "कारखान्यानं तुमचं सगळं घेतलं," ती म्हणायची, "नाक तेवढं माझ्यासाठी ठेवलं."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे महिन्यात, दोघंही तापानं पडले. बसप्पाला गावच्या शाळेत, विलगीकरणात ठेवलं. श्रीदेवीला दम लागत होता म्हणून तिला सोलापूरला नेलं. जाताना तिनं रुग्णवाहिकेच्या दारातून सोजरबाईला ओरडून सांगितलं की टोमॅटोचे ट्रे उन्हात राहिलेत, ते आत घे. सोजरबाई शेजारच्या धनगरवस्तीवरची. नवरा कधीच वारलेला, मुलगा बिरुदेव मेंढरं राखायचा. वस्तीवरचं लेंडीखत डोक्यावरून आणून द्यायला म्हणून ती पहिल्यांदा आली होती आणि मग श्रीदेवीच्या शेजारी बसून बी टोकायला लागली. दोघी दिवसभर काय बोलायच्या देव जाणे, पण बोलणं संपायचं नाही.

दवाखान्यातून श्रीदेवीचा फोन यायचा. आवाज तुटक, मध्ये मध्ये धाप. एकदा म्हणाली, "री, मला कशाचाच वास येत न्हाय बघा. हितल्या फिनेलचासुद्दा न्हाय."

"मलाबी न्हाय," बसप्पा म्हणाला. "शाळेत खिचडी देतात, पुठ्ठा खाल्ल्यावानी वाटतंय."

"येतंय म्हणं परत. घरी गेल्यावर तुमच्या ढिगापाशी बसू दोघं. तितं तर यायलाच पायजे."

ती हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. फोन कुणीतरी बंद केला. त्यानंतर ती बोलली नाही. तिला ऑक्सिजनवर ठेवल्याचं कळलं, आणि मग ती गेल्याचं कळलं.

बसप्पा शाळेच्या वर्गात फळ्याखाली बसून होता. त्याला जाता आलं नाही. पुण्याहून मुलगा, गुरुलिंग, धावत आला, पण त्यालाही लांबूनच पाहावं लागलं. लिंगायतांत माणसाला मातीत बसवतात. बसप्पाचे आईवडील त्याच्याच रानाच्या कडेला लिंबाखाली मातीत होते आणि त्यांच्या शेजारची जागा श्रीदेवीनं स्वतः झाडून ठेवलेली असायची. पण ते दिवसच तसे होते. सोलापुरातच, अनोळखी माणसांच्या हातून, तिला अग्नी दिला गेला. गुरुलिंगनं फोनवर हे सांगितलं तेव्हा बसप्पा इतकंच म्हणाला, "तिला ऊन सोसायचं न्हाय रे."

तो घरी आला तोवर घर धुऊन पुसून काढलेलं होतं. सून अक्षतानं सासूचे सगळे कपडे उकळत्या पाण्यातून काढले होते, अंथरूण जाळलं होतं. तिच्याही पोटात भीती होती, पदरात लहान मूल होतं. तिला कोण बोलणार? दिवसकार्य उरकलं आणि मुलगा-सून पुण्याला गेली. बसप्पाला चल म्हणाले, पण तो नर्सरी सोडून जायला तयार झाला नाही.

बाकी सगळ्यांना वास परत यायला लागला. गावात दहा ठिकाणी विचारलं तरी लोक म्हणायचे, आला की, कधीच आला. बसप्पाला आला नाही. भाकरी आणि पिठलं सारखंच लागायचं. उदबत्ती लावली तरी नुसता धूर दिसायचा. सोलापूरला नाकाच्या डॉक्टरकडं तो गुपचूप जाऊन आला. डॉक्टर भला माणूस होता. "येईल, किंवा येणारही नाही," असं त्यानं सरळ सांगितलं. बसप्पानं हे कुणालाच सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे त्याला स्वतःलाही धड उमजलं नव्हतं. बायको गेलेल्या माणसानं नाकाची तक्रार करायची, याची त्याला लाज वाटत असावी.

काम मात्र थांबलेलं नव्हतं. पावसाळा सुरू झाला होता आणि मिरचीच्या रोपांसाठी लोकांनी सांगून ठेवलं होतं. बसप्पानं ढिगात हात घातला, मूठ बाहेर काढली, नाकाशी नेली, डोळे मिटले. काही नाही. नुसता थंड वारा नाकात गेला. बायका चाळण्या घेऊन उभ्या होत्या आणि सोजरबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. खताचा रंग काळा होता, हाताला ऊबही फारशी नव्हती. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आय्तु."

सोजरबाईच्या कपाळाला किंचित आठी पडल्यासारखं त्याला वाटलं. पण ती चाळणी घेऊन खाली बसली.

ट्रे भरले, बी टोकलं, एकावर एक थप्पी रचून वरून प्लॅस्टिक झाकलं. कोंब फुटेपर्यंत असं झाकून ठेवायचीच रीत. खत पक्कं असेल तर आत ऊब धरते आणि बी हसत वर येतं. कच्चं असेल तर त्याची वाफ आतल्या आत कोंडते. प्लॅस्टिक काढलं तेव्हा निम्म्या खणांत काहीच नव्हतं, आणि उरलेल्यांत वर आलेले कोंब टोकाला तपकिरी पडून वाकले होते. बोटानं धरले की गळून हातात यायचे. त्याच खतात आधी भरलेल्या थप्पीतले काही ट्रे कोंब दिसताच शेतकऱ्यांनी नेलेही होते. चार-पाच दिवसांत त्यांच्याही रानातून तेच ऐकू आलं.

लोक आले. काही रागावले, काही आरडाओरडा करून गेले, आणि ते बरंच वाटलं. जोतिराम मात्र ओरडला नाही. पलीकडच्या गावचा हा गडी, नर्सरी निघाल्यापासून दुसरीकडून रोप न नेणारा. यंदा त्यानं सगळं रान मिरचीसाठी तयार करून ठेवलं होतं. मेलेल्या रोपांचा एक ट्रे त्यानं गाडीवरून आणला, बसप्पापुढं जमिनीवर हळूच ठेवला आणि म्हणाला, "वैनी असत्या तर असं झालं नसतं, आप्पा." एवढं बोलून तो निघून गेला आणि परत कधी आला नाही.

बसप्पा त्या ट्रेपाशी बसून राहिला. सोजरबाई लांब उभी होती. मग जवळ येऊन खाली बसली.

"आप्पा, एक इचारू? रागावू नका."

"इचारा."

"त्या दिशी ढीग उकरला तवा माज्या डोळ्यांतनं पाणी आलं वासानं. मेंढरांच्या वाड्यात पावसाचं कसं हुतं, तसला वास. मला वाटलं सांगावं. पर तुमी झालं म्हणला. म्हनलं, आप्पांपरीस आपल्याला जास्त कळतंय व्हय? मी बोलाय पायजे हुतं."

बसप्पानं मेलेलं एक रोप उपटून बोटांत फिरवलं. मग म्हणाला, "मला वास येत न्हाय, सोजरबाई. शाळेत हुतो तवापासनं. काहीच येत न्हाय."

"कशाचाच?" तिनं विचारलं.

"कशाचाच."

"आन् इतकं दिस कुणालाबी सांगितलं न्हाय?"

"सांगायचं ते माणूस गेलं की."

यावर सोजरबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. श्रीदेवी गेली तेव्हा कुणी कुणाच्या दारात जाऊन रडू शकलं नव्हतं. ते रडणं तिनं त्या दुपारी मेलेल्या रोपांच्या पुढ्यात पुरं केलं. बसप्पाला रडू आलं नाही. तो तिचं रडणं ऐकत बसला आणि मधूनच म्हणत राहिला, "असू दे, असू दे."

तिथून पुढं बसप्पाचं नाक सोजरबाई झाली. ढीग उकरायचा त्यानं आणि मूठ हुंगायची तिनं. पण नुसतं चांगलं-वाईट सांगून त्याचं भागायचं नाही.

"कसला वास हाय?"

"वाईट हाय."

"वाईट म्हंजी कसा? नाकात टोचतोय का घशात बसतोय?"

मग ती विचार करायची. "ताकाचं गाडगं दोन दिस धुतलं न्हाय तर येतोय बगा, तसला."

"म्हंजी आत पाणी साचलंय. खालवर करा."

असं ते दोघं महिनोन्महिने करत राहिले. तिच्या तोंडून बसप्पाला वास पुन्हा कळायला लागले. भिजलेल्या मेंढराचा, तव्यावर करपलेल्या पिठाचा, हंड्याच्या तळाच्या गंजाचा. आणि एक दिवस मूठ नाकाशी धरून ती म्हणाली, "आता आप्पा, काय सांगू, काहीच न्हाय. इहिरीच्या आतल्या मातीचा असतोय तसा, गारगार." तेव्हा त्यानं बायकांना चाळण्या घ्यायला सांगितलं. त्या खेपेची वांगी उत्तम निघाली. गेलेली गिऱ्हाइकं थोडी थोडी परत येऊ लागली.

एकदा दुपारी, बायका जेवायला बसलेल्या असताना, बसप्पानं सोजरबाईला घराकडं बोलावलं. ट्रंक उघडून त्यानं श्रीदेवीचं एक हिरवं लुगडं बाहेर काढलं. ते हातात धरून तो उंबऱ्यात उभा राहिला.

"जरा बघा," शेवटी म्हणाला. "हिचा काही वास उरलाय का."

सोजरबाईनं लुगडं दोन्ही हातांत घेतलं, तोंडावर धरलं. बराच वेळ तिनं ते खाली घेतलं नाही.

"हाय," ती म्हणाली. "खोबऱ्याच्या तेलाचा हाय, आन् आपल्या निंबोळीच्या पेंडीचा. अक्काच्या अंगाला यायचा, तसाच हाय."

बसप्पानं मान हलवली. अक्षतानं ते लुगडं उकळत्या पाण्यातून काढलेलं होतं, वर औषधाच्या पाण्यात बुडवलेलं होतं. हे त्याला माहीत होतं. सोजरबाईलाही माहीत होतं, कारण ते वाळत घालायला दोरी तिनंच बांधली होती. त्यानं लुगडं तिच्या हातून घेतलं, घडी मोडू न देता परत ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाला, "चला, पाणी द्यायचं राहिलंय कोबीला."

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी थंडीत एका सकाळी सोजरबाई कामाला आली आणि अंगणातच थबकली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बसप्पा चुलीच्या ओट्यापाशी काडेपेटी शोधत होता. गॅसच्या नळीला चीर गेली होती आणि खोली गॅसनं भरली होती. त्याला त्याचा पत्ता नव्हता. "आप्पा, काडी वढू नका!" असं किंचाळत ती आत घुसली, त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं, परत आत जाऊन टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या. मग दोघं अंगणात उभे राहिले. बसप्पाला कशानं इतकं घाबरायचं तेच कळत नव्हतं. त्याच्या लेखी घर नेहमीसारखंच होतं.

"काडी सापडली असती तर?" सोजरबाई पुनःपुन्हा म्हणत होती.

तिनं स्वतःच बिरुदेवकडून गुरुलिंगला फोन लावून घेतला. बसप्पा नको म्हणत होता, पण तिनं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी गुरुलिंग आला. बापावर ओरडला, इतके दिवस लपवलं म्हणून. आणि मग ओरडता ओरडता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"अव्वा गेली तेव्हा मला तिच्याजवळ जाता आलं नाही," तो म्हणाला. "तुमच्या वेळी तरी तसं होऊ देऊ नका आप्पा."

बसप्पानं ट्रंक ओढून पुढं घेतली.

नर्सरी त्यानं सोजरबाईच्या हवाली केली. जायच्या दिवशी तो तिला खूप काही सांगत होता. पाण्याचं, जाळीचं, थंडीत टोमॅटो कसे झाकायचे त्याचं. ती सगळ्याला "व्हय आप्पा" म्हणत होती. गाडी निघताना म्हणाली, "मी फोन करायलाच नको हुता गुरुलिंगला. तुमी हितंच ऱ्हायला असता."

"राहिलो असतो खरा," बसप्पा म्हणाला. "पण किती दिवस?"

पुण्यात चौथ्या मजल्यावर घर. अक्षता मनापासून करायची. सासऱ्याच्या ताटात कुरकुरीत, गरमागरम असं काहीतरी असावं, म्हणजे चव नसली तरी दातांना कळेल, हे तिचं तिनंच शोधून काढलं होतं. सुरुवातीला सोजरबाईचा फोन जवळजवळ रोज यायचा. ढिगाला अमुक वास येतोय, काय करू? बसप्पा गॅलरीत उभा राहून सांगायचा. पुढं फोन आठवड्यानं यायला लागला, मग सणावारी. तिला आता विचारावं लागत नव्हतं. बसप्पानं फोन केला तर मागं माणसांचे आवाज यायचे, टेम्पोचा आवाज यायचा, आणि ती म्हणायची, "गिऱ्हाईक आलंय आप्पा, मागनं करते." तिचं चांगलं चाललंय याचं त्याला बरं वाटायचं. फोन ठेवल्यावर मात्र तो गॅलरीतून खालचे टेम्पो बघत राहायचा.

गेल्या वर्षी नातवाच्या लांबलेल्या जावळासाठी सगळे गावी आले तेव्हा तो नर्सरीत गेला. शेडनेट वाढलं होतं. सोजरबाईच्या हाताखाली तिची सून विजयमाला होती आणि आणखी बऱ्याच बायका. ढिगाची जागा बदललेली होती. लेंडीखत जास्त घालत होते, काथ्या कमी. बसप्पाच्या हे लक्षात आलं. रोपं छान होती, बुटकी, जाड देठाची. सोजरबाईनं त्याला खुर्ची दिली, चहा करायला लावला, आणि गुळाचा चहा कसा झालाय विचारून बसली. मग तिनं स्वतःच जीभ चावली.

"गोड असणार," बसप्पा हसून म्हणाला.

तेवढ्यात एक टेम्पो आला. करमाळ्याकडचा तरुण शेतकरी होता, शिमला मिरचीची रोपं न्यायला आलेला. घाईत होता. सोजरबाई आत पावती करायला गेली, बायका ट्रे उचलायला लागल्या. त्या तरुणानं खुर्चीवर बसलेल्या बसप्पाकडं पाहिलं.

"काका, जरा हात लावता का? ऊन व्हायच्या आत पोचायचंय."

बसप्पा उठला. त्यानं कप खाली ठेवला आणि ट्रे उचलून द्यायला लागला. ट्रे कसा धरायचा, कुठं टेकवायचा, पानं न दुमडता एकाशेजारी एक कसं लावायचं, हे हातांना पाठ होतं. त्या तरुणानं दोनदा मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"लई दिवस हाय वाटतं हितं कामाला?" त्यानं विचारलं.

"होतो," बसप्पा म्हणाला.

सोजरबाई बाहेर आली आणि ते बघून तिचा चेहरा कसानुसा झाला. ती त्या तरुणाला काहीतरी सांगायला पुढं झाली, पण बसप्पानं हातानंच तिला थांबवलं. शेवटचा ट्रे त्यानं स्वतः चढवला, फाळका लावला, आणि टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत उभा राहिला. हाताला ओला भुसा लागला होता. तो त्यानं धोतराला पुसला. लिंबाच्या झाडाकडं, आईवडिलांच्या शेजारच्या त्या रिकाम्या जागेकडं तो थोडा वेळ बघत होता. कुणीतरी ती अजून झाडत होतं. मग रस्त्यावरून गुरुलिंगनं गाडीचा हॉर्न वाजवला, आणि तो चपला घालायला वाकला.